पेशाचा रकाना : मराठवाड्यातील एका सुताराचा माग

१. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.
सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील तहसील, शाळा व भूमी अभिलेख कार्यालयांतील निजामकाळची बासने सुटू लागली. समितीचा विषय कुणबी नोंदींचा होता. पण त्यानिमित्ताने, ज्यांनी दप्तरखान्याचे दार कधी पाहिले नव्हते अशा असंख्य घरांत 'खासरा', 'फसली', 'मोडी वाचक' हे शब्द रुळले.

२. आरक्षणाच्या वादावर हा धागा नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे म्हणणे वेगळे आणि लहान आहे. आपण पणजोबांचा कागद उघडतो, जातीच्या रकान्यावर बोट ठेवतो, त्या एका ओळीचे छायाचित्र काढतो आणि बासन बांधून परत देतो. त्याच ओळीत दोन बोटे पलीकडे 'पेशा' नावाचा रकाना असतो. माणूस आयुष्यभर काय करत होता, हे तिथे लिहिलेले असते. तो आपण वाचत नाही. वाचला पाहिजे.

३. तसे होण्यामागे कारण आहे, आणि ते क्षुल्लक नाही. महाराष्ट्रात जातपडताळणीसाठी काही तारखा ठरलेल्या आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेपूर्वीचा पुरावा हवा. मुलीचा वैद्यकीय प्रवेश अडलेला असताना बाप पणजोबांच्या रंध्याचा विचार करत बसणार नाही, हे मला कळते. तरीही प्रमाणपत्र हातात पडल्यावर एकदा पुन्हा त्या पानाकडे यावे, एवढीच विनंती आहे.

४. उदाहरण माझ्याच घरचे घेतो, कारण त्यात चूकही माझीच आहे.
आमचे गाव अहमदपूर तालुक्यात. पणजोबा सुतार होते, एवढेच घरात ठाऊक. थोरल्या चुलत आजोबांचा शाळाप्रवेश १३४२ फसलीचा. नोंदवही उर्दूत. नावापुढे 'वलद' म्हणून पणजोबांचे नाव आणि पेशाच्या रकान्यात घाईने ओढलेला एक शब्द. मी तो वाचला : 'सुनार'. म्हणजे सोनार.

५. आता फसली सन. निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर हाच सन चाले. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. दोन आकडे का? हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून धरत. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील नोंदीला ५९० मिळवावे, जानेवारीनंतरच्या नोंदीला ५९१. म्हणून १३४२ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३२ ते ऑक्टोबर १९३३. केवळ ५९० मिळवून मोकळे झालात, तर जन्ममृत्यूच्या हिशेबात एक वर्ष सहज इकडचे तिकडे होते.

६. माझ्या वाचनाने भाऊबंदांत खळबळ उडाली. एका काकांनी तर 'आपण मूळचे सोनार' असे सगळ्यांना कळवूनही टाकले. घरातील वाकस, पटाशी आणि करवत कोणाच्या, हा प्रश्न कोणी विचारला नाही. कागदावर लिहिले आहे म्हटल्यावर माळ्यावरच्या हत्यारांची साक्ष आपोआप कच्ची ठरली.

७. चूक कुठे होती? उर्दूत 'सुतार' आणि 'सुनार' यांचा सांगाडा एकच आहे : सीन, मग एक दाता, मग अलिफ, मग रे. दात्यावर दोन नुक्ते दिले की 'ते' होतो, एक दिला की 'नून'. शिकस्ता वळणात लिहिणारा कारकून नुक्ते बहुधा गाळतो, किंवा दोन नुक्त्यांची एक आडवी रेघ करतो. शाई उडालेली असेल तर त्या रेघेचा ठिपका दिसतो. एका ठिपक्यात आमचे घर लाकडावरून सोन्यावर गेले होते.

८. चूक उमजली ती एका सेवानिवृत्त उर्दू शिक्षकांमुळे. त्यांनी त्या शब्दाकडे पाहिलेच नाही. ते म्हणाले, "आधी या माणसाचा हात ओळखा." त्यांनी त्याच पानावरचा 'तारीख' हा शब्द काढला. त्यातील 'ते' कारकुनाने कसा लिहिला आहे ते दाखवले : दोन नुक्त्यांऐवजी तीच आखूड रेघ. मग पणजोबांच्या शब्दावर बोट ठेवले. तीच रेघ, अर्धी पुसलेली. सुतार.
पद्धत अशी : संशयित शब्द एकटा वाचू नये. त्याच हाताने लिहिलेला, ज्याचा अर्थ निश्चित आहे असा दुसरा शब्द शोधावा. त्यासाठी पूर्ण पान लागते. एका ओळीच्या छायाचित्रावर हे जमत नाही.

९. पुढचा प्रश्न : त्या काळातील सुताराचे सरकारी कागद इतके कमी का?
सरकारला शेतसारा हवा होता. ज्याच्या नावावर जमीन, त्याची नोंद शेतवारात आणि पाहणीपत्रकात येते. बलुतेदाराचा व्यवहार मात्र गावाशी होता, सरकारशी नव्हता. कुणब्याची तिफण, वखर, गाडीचे जू, शिवळा त्याने वर्षभर दुरुस्त करायच्या. सुगीला खळ्यावर जाऊन ठरलेले धान्य घ्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) मध्ये बलुतेदारांच्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या ओळींचे तपशीलवार वर्णन आहे. हा सारा व्यवहार तोंडी. खळ्यावर पावती मिळत नसे.

१०. म्हणून कारागिराचा माग काढताना आडून जावे लागते. बलुत्यापोटी इनाम जमीन असेल, तर ती इनामाच्या कागदांत सापडते. कर्ज असेल तर सावकाराच्या खातेवहीत. तंटा झाला असेल तर कोर्टाच्या दाव्यात. मुलगा शाळेत घातला असेल तर नोंदवहीत. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे पिंडदानाला गेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत. सीमाभागात बैल घेऊन गावोगाव फिरणारे हेळवी वंशावळ सांगतात, त्यांच्याकडेही. सुतार आपल्याला दिसतो तो देणे, भांडणे, शिकवणे किंवा मरणे यांपैकी काही घडते तेव्हा. नुसता काम करत असतो, तेव्हा कागद गप्प.

११. त्यात आमच्या भागाची आणखी एक अडचण. आज लातूर जिल्ह्यात असलेले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले, हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला जोडले गेले. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. म्हणजे गाव जागचे हलले नाही, पण त्याचे कागद बीदर, धाराशिव, लातूर आणि हैदराबाद अशा चार ठिकाणी असू शकतात. नांदेडकरांचेही तसेच : किनवट १९५६ पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. 'आमच्या तालुक्याचे काही नाही' असे उत्तर मिळाले, तर आधी विचारावे : तेव्हा तालुका कोणत्या जिल्ह्यात होता?

१२. दुसरा प्रश्न : गाव दिवाणी होते की जागिरीचे? निजाम राज्याचा मोठा भाग जागीरदार, पायगा आणि खुद्द निजामाच्या सर्फ-ए-खासमध्ये वाटलेला होता. जागिरीचे दप्तर जागीरदाराकडे असे. जागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या. त्यानंतर ती दप्तरे सारख्याच नीटपणे सरकारजमा झाली असतील, असे धरून चालू नये. त्यामुळे शेजारच्या गावाची नोंद मिळते आणि आपल्या गावाची मिळत नाही, याचा अर्थ आपले पूर्वज तिथे नव्हते असा होत नाही.

१३. आता गोष्टीचा दुसरा भाग. माझे सख्खे आजोबा शाळेत गेले १३५० फसलीत, म्हणजे १९४०-४१ च्या सुमारास. तीच शाळा, तेच वडील. पेशाच्या रकान्यात या वेळी स्वच्छ अक्षरात : 'मजदूर'.
आठ वर्षांत सुताराचा मजूर झाला. घरात याविषयी कोणीही, कधीही, काही बोलले नव्हते.

१४. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे मोह होतो. कारणे हाताशी तयार असतात. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. कुणब्याकडेच धान्यापैशाची ओढ, तर बलुते कोठून? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथला लोखंडी नांगर दख्खनच्या काळ्या रानात उतरला. त्याचा फाळ मोडला तर दुकान गाठावे लागे, सुताराची गरज उरत नसे. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून धावू लागला, बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली, आणि कापूस, गळिताची धान्ये थेट बाहेरच्या बाजारात जाऊ लागली. लांबच्या वाहतुकीतील गाड्यांचे काम रुळांनी उचलले, स्थानकापर्यंतचे मात्र बैलगाडीकडेच राहिले. कारण म्हणून हे सारे खरे आहे.

१५. पण ते माझ्या पणजोबांच्या बाबतीत खरे आहे का? प्रदेशाचा इतिहास माणसावर चिकटवला की चरित्र होते, असे नाही. मी 'मंदीने हिरावलेला सुतार' असा एक करुण परिच्छेद लिहूनही ठेवला होता. तो फाडावा लागला.

१६. कारण माळ्यावरच्या पेटीत हत्यारांखाली एक पितळी बिल्ला निघाला. त्यावर आकडा, वर दोरीसाठी भोक. गिरणी कामगारांना हजेरीसाठी असे बिल्ले देत. आत्या म्हणाल्या, "अरे, ते नांदेडला मिलमध्ये होते की! भोंग्याची नक्कल करून आम्हाला हसवायचे." मिल म्हणजे नांदेडची उस्मानशाही मिल, जी पुढे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि आता बंद आहे. त्यांचे खाते कोणते, हे विचारल्यावर आत्या सहज म्हणाल्या, "सुतारखाता. दुसरे कोणते असणार?"

१७. कापड गिरणीत सुतार कशाला, असे वाटेल. त्या काळचे माग बव्हंशी लोखंडी सांगाड्याचे असले, तरी धोटा मारणारी दांडी, फणीचा हात्या, धोटे, खुद्द बॉबिनी लाकडाच्या असत. दिवसभर आदळून त्या झिजत, तडकत. त्यांची दुरुस्ती करणारे स्वतंत्र खाते लागे. म्हणजे तिफणीचे चाडे बसवणारा हात आता मागाचा हात्या बसवत होता. हत्यारे तीच, मालक बदलला, आणि धान्याऐवजी रोकड मिळू लागली. शाळेतल्या कारकुनाच्या शब्दकोशात रोकड घेणारा तो मजदूर. त्याच्या हाताला विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते.

१८. तिसरा कागद १९५१ चा. त्या वर्षीच्या जनगणनेबरोबर नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली होती. तीत नाव, वय, शिक्षण यांबरोबर उपजीविकेचे साधन विचारलेले असे. पणजोबा १९४८ च्या धामधुमीत गावी परतले होते. नोंद : 'सुतारकाम'.
सुतार, मजदूर, सुतारकाम. तीन कागद, तीन शब्द, माणूस एक. फक्त पहिला कागद सापडला असता तर मी म्हणालो असतो, पिढीजात बलुतेदार. फक्त दुसरा सापडला असता तर म्हणालो असतो, भूमिहीन मजूर. दोन्ही विधानांना सरकारी पुरावा असता आणि दोन्ही अपुरी असती.

१९. ज्यांचे पूर्वज गिरणीत वा कारखान्यात होते त्यांच्यासाठी एक सूचना. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला आणि आरंभी ज्या सहा उद्योगांना लागू झाला त्यांत कापड उद्योग होता. त्यानंतर नोकरीत असलेल्यांचे वारसनामनिर्देशनाचे कागद घरात असू शकतात. त्यांवर नाव, पत्ता, वारस सगळे असते. माझे पणजोबा त्याआधीच परतल्याने आमच्यासाठी ते दार बंद आहे. तुमच्यासाठी नसेल. रेशनकार्डाच्या पिशवीतच पाहा.

२०. आता या मतावरचा सर्वांत वजनदार आक्षेप, जो माझ्या एका मैत्रिणीने घेतला. ती म्हणाली, "सुताराच्या पणतूला पेशाचा रकाना वाचणे सोपे आहे. माझ्या पणजोबांच्या रकान्यात काय लिहिले असेल, ते मला न वाचताही ठाऊक आहे. तो रकाना पुसण्यासाठीच आमच्या तीन पिढ्या शिकल्या."
याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. बलुतेदारी ही ओळींची उतरंड होती. एकाच खळ्यावर सुताराला मिळणारे धान्य आणि महार-मांगांच्या वाट्याला येणारे धान्य यांत मापाचा फरक होता, तसा मानाचाही. दया पवारांनी १९७८ मध्ये आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, ते स्मरणरंजन म्हणून नव्हे.

२१. म्हणून दुरुस्ती करतो. पेशाचा रकाना अभिमानासाठी वाचायचा नाही. तिथे लिहिलेले काम कोणी निवडले, कोणावर लादले गेले, त्याचा मोबदला किती आणि कोणाच्या हातून मिळाला, हे विचारण्यासाठी वाचायचा. जातीचा रकाना माणसाला कुठे उभे केले होते ते सांगतो. कामाचा रकाना तिथे उभे राहून त्याने काय केले, आणि संधी मिळताच तो कुठे निघाला, ते सांगतो. मैत्रिणीच्या घरी ती वाट शाळेची होती, आमच्या घरी गिरणीची. ती न वाचण्याचा तिचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण वाचायचे की नाही हे तिने ठरवावे, वाळवीने नव्हे.

२२. आणखी एक रिकामी जागा. या तिन्ही कागदांत पणजीचा पेशा नाही. शाळेच्या नोंदवहीत तर आईच्या नावालाच जागा नव्हती. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव अनिवार्य झाले. म्हणजे आमच्या घरच्या त्या नोंदींनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी. पणजोबा नांदेडला असताना गावातले घर कोणी चालवले? आत्या सांगतात, पणजी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाई आणि सुगीला जुन्या कुळांकडून नवऱ्याच्या हक्काचे बलुतेही मागून आणी. पुढच्या वर्षी तो परतेल या बोलीवर. गिरणीची रोकड आणि गावचे धान्य, ही दोन टोके तिने बांधून ठेवली होती. ही गोष्ट फक्त आत्यांच्या तोंडी आहे. त्या ऐंशीच्या घरात आहेत.

२३. तर मागणी काय?
शोधमोहिमेत ज्या पानांवर हवी ती नोंद सापडली, ती पाने तपासली गेली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. हे मोठे काम आहे. पण ज्या पानांवर 'काही सापडले नाही' ती पुन्हा बासनात गेली. त्या पानांवर सुतार, लोहार, कोष्टी, तेली, कुंभार, मजदूर आहेत. बासन एकदा सोडलेच आहे, वाचक बसवलाच आहे, तर नोंदवही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत छायांकित व्हावी. सार्वजनिक करताना खासगीपणाचा विचार जरूर व्हावा. जतन करताना मात्र निवड नको. आज न लागणारे पान उद्या कोणाला लागेल, हे आपण सांगू शकत नाही. माझा 'सुनार' सुतार ठरला तो 'तारीख' या शब्दामुळे, आणि तो कोणीच शोधत नव्हते.

२४. आणि आपल्यासाठी, घरच्या घरी :
कागदाचे छायाचित्र काढताना पूर्ण पान घ्या, मागची बाजू आणि नोंदवहीचे मुखपृष्ठही घ्या.
फसली सन जसा आहे तसा आधी उतरवा, मग इसवीत करा.
एकाच माणसाच्या दोन मुलांच्या नोंदी शोधा. बदल त्या दोहोंच्या मध्ये असतो.
माळ्यावरच्या हत्याराला कागदाइतकाच मान द्या.
आणि घरातील सर्वांत वृद्ध बाईला, "ते काय करायचे?" असे विचारून झाल्यावर, "आणि तुम्ही?" असेही विचारा.

२५. आमच्या घरी तो बिल्ला आता वाकसाशेजारी ठेवला आहे. 'आपण मूळचे सोनार' म्हणणारे काका परवा येऊन तो हातात घेऊन बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पितळच आहे ना रे?"
पितळच आहे, काका.

धागा समाप्त. आपल्या घरच्या नोंदीत पेशाच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते खाली जरूर कळवा. नावे नकोत, कामे सांगा.